घराची तपासणी भर पावसात करून घ्या: गोव्यातल्या घरमालकांसाठी सगळी पद्धत

गोव्यात घराचं काम म्हटलं की सगळ्यांना मे महिना आठवतो. कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या, बाहेरच्या भिंतीला एक हात रंग मारायचा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं आटपायचं. ही धावपळ करायलाच पाहिजे, पण तिला घराची तपासणी म्हणता येत नाही. मे महिन्यात घर कोरडं ठणठणीत असतं, ओल कुठून येते ते दिसत नाही, भेगेतून पाणी आत जातं की नुसती प्लास्टरची चीर आहे ते कळत नाही, आणि वर नवा रंग बसला की जी काही खूण होती तीपण गेली. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला हेच सांगत असतो, घर इंजिनिअरला दाखवायचं तर जुलै ते सप्टेंबरमध्ये दाखवा, दुरुस्ती ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करा, आणि तपासणारा माणूस आणि दुरुस्ती करणारा माणूस एकच ठेवू नका.

त्यातही सगळ्यात चांगले दिवस म्हणजे चवथीच्या आसपासचे. आपल्याकडे किती घरं वर्षभर बंद असतात बघा, एक भाऊ मुंबईला, एक आखातात, काकांचा हिस्सा वेगळा, आणि घर खऱ्या अर्थाने उघडतं ते गणपतीला. तेव्हा पाऊस चालू असतो, ओल ताजी असते आणि मुख्य म्हणजे सगळे हिस्सेदार एका छपराखाली असतात. एरवी इंजिनिअरचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरतो, कोण ओके लिहितो, कोण लिहीतच नाही, आणि खर्चाचा विषय निघाला की ग्रुप शांत. तेच सगळ्यांसमोर इंजिनिअरने वासा ठोकून दाखवला आणि लाकडाचा भुगा खाली पडला की निर्णय त्याच संध्याकाळी होतो. पूजेच्या दिवशी अर्थात कोणी येणार नाही आणि बोलावूही नये. आधीचा आठवडा धरा, नाहीतर विसर्जनानंतर मंडळी परत जायच्या आधीचे दोन-तीन दिवस, आणि वेळ जुलैमध्येच ठरवून ठेवा. आधीचा आठवडा जास्त चांगला, कारण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची सजावट. नारळ, केळीचे घड, सुपारीचे घोस, चिबूड असं सगळं मिळून बरंच वजन होतं आणि ते ज्या लाकडाला टांगतो ते लाकूड आतून वाळवीने खाल्लंय का हे कोणी बघत नाही, खाली तर घरची माणसं बसलेली असतात.

घर बाहेरून चांगलं दिसतं, तरी का दाखवायचं

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत. आपली जुनी घरं चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं म्हणून ते मातीत किंवा चुन्यात भिंत बांधायचे, वरून चुन्याचा गिलावा द्यायचे आणि पावळी लांब काढायचे. हल्ली काय होतं, ओल दिसली की कोणीतरी सांगतं सिमेंटचं प्लास्टर करून वॉटरप्रूफ रंग मारा, आणि ती भिंत दोन्ही बाजूंनी बंद होते. खालून जमिनीतलं पाणी चढायचं थांबत नाही, ते आता बाहेर पडायला वाट शोधत अजून वर जातं, भिंतीला लोणा धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि आतली मातीची सांध हळूहळू धुऊन जाते. वरून बघणाऱ्याला वाटतं रंग खराब निघाला. खरं कारण कोणी शोधलेलंच नसतं, आणि पैसे दर दोन-तीन वर्षांनी रंगावर जात राहतात.

स्लॅबच्या घरांचं दुखणं वेगळं. मुरगाव, बार्देस, तिसवाडी, सालसेतचा किनारी पट्टा, इथे हवेतच मीठ आहे. ते काँक्रीटमध्ये मुरत मुरत सळीपर्यंत पोचलं की सळी गंजायला लागते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. समुद्रकाठच्या बांधकामात सळीवर निदान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर पाहिजे असं आयएस ४५६ हे २००० सालचं मानक सांगतं, आणि जुन्या स्लॅबमध्ये कितीतरी ठिकाणी ते याच्या निम्मंसुद्धा नसतं. त्यात तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी या सगळ्या भरती-ओहोटीच्या नद्या, तिथली रेती नीट न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत आहे.

काणकोणात चावडीला जानेवारी २०१४ मध्ये बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि तीसच्या वर माणसं गेली, ते अजून आपण विसरलेलो नाही. जुलै २०२१ मध्ये सत्तरी-डिचोलीत पुराचं पाणी घरांत शिरलं तेव्हा मातीच्या भिंती बसल्या. तुमच्या घराचं असंच होईल असं मी म्हणत नाही, पण घर पडण्याआधी बरीच वर्षं खुणा दाखवत असतं आणि त्या खुणा वाचणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

कोणाला बोलवायचं

इथे बहुतेक घरांचं चुकतं, म्हणून जरा थांबून सांगतो. वॉटरप्रूफिंगवाले फुकट तपासणी करून देतात, पेस्ट कंट्रोलवालेही देतात, ओळखीचा कंत्राटदार तर चहाला येतो आणि वर बघून आकडा सांगून जातो. यांच्यातले बरेच जण प्रामाणिक असतात, पण त्यांच्याकडे जे विकायला आहे तेच उत्तर ते देणार. बाथरूमच्या खाली पाणी टपकतं म्हणून अख्ख्या गच्चीला केमिकल मारून घेतलेलं घर आमच्या नात्यातच आहे, खर्च भरपूर झाला आणि पाणी टपकायचं थांबलं नाही, कारण पाणी वरच्या संडासाच्या पाइपच्या जॉइंटमधून येत होतं.

तुम्हाला पाहिजे तो स्ट्रक्चरल इंजिनिअर, ज्याचं रजिस्ट्रेशन आहे आणि जो फक्त तपासणीची फी घेतो. नगरपालिकेत किंवा नगर नियोजन खात्यात नोंद असलेल्या इंजिनिअरांची माहिती मिळते, फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागात चौकशी करा, कोणाचं नाव घेतात ते कळेल. फोनवरच तीन गोष्टी विचारा. जुन्या चिऱ्याच्या, कौलारू घरांचं काम केलंय का, कारण फक्त आरसीसी, म्हणजे सळी-काँक्रीटचं बांधकाम, बघणारा माणूस अशा घरात आला की त्याचा पहिला सल्ला असतो पाडा आणि नवीन बांधा. लेखी रिपोर्ट फोटोसकट देणार का. आणि टेस्ट फीमध्ये धरल्यात की वेगळ्या. हे तिन्ही ईमेलवर किंवा मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. एखादा जुना रिपोर्ट नावं झाकून दाखवायला सांगा, दोन पानं वाचली तरी माणूस किती बारकाईने बघतो ते लक्षात येतं.

विजेसाठी मात्र वेगळा माणूस लागतो, लायसन असलेला इलेक्ट्रिकल कंत्राटदार. सिव्हिलवाल्याने बोर्ड उघडून बघितला म्हणजे वायरिंग तपासलं असं होत नाही.

इंजिनिअर येण्याआधी तुमचं काम

पावसाची पहिली मोठी झड आली की घरभर फिरून मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक फोटोबरोबर खोली आणि तारीख. कुठे टपकतं, टपकायला पाऊस सुरू झाल्यावर किती वेळ लागतो, पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहतं, हे लिहून ठेवा. ही माहिती सोन्यासारखी आहे, कारण लगेच टपकणारं पाणी बहुतेक कौलाचं किंवा फ्लॅशिंगचं (छप्पर आणि भिंतीच्या सांध्यावरच्या पट्टीचं) असतं आणि दोन दिवसांनी उतरणारं पाणी स्लॅबमध्ये साचलेलं असतं. पाऊस नसतानाही टपकत असेल तर प्लंबिंग. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला, पुढच्या महिन्यात भेग खुणेच्या पलीकडे गेली तर ती चालू भेग आहे, इंजिनिअरला पहिली हीच दाखवायची.

फर्निचर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. माळा मोकळा करा, किमान माणूस रांगत जाईल एवढा. शिडी तयार ठेवा. आणि रंग, पुट्टी, काही लावू नका, पाहुणे येणार म्हणून ओलीवर पडदा टाकू नका.

कागदपत्रं पण त्याच वेळी काढून ठेवा. फॉर्म वन फोर्टीन (जमिनीचा उतारा) आणि सर्व्हे प्लॅन ऑनलाइन मिळतात, शहरात असाल तर फॉर्म डी. घरपट्टीची पावती, असेल तर मंजूर प्लॅन आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. कितीतरी घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नाही, आणि मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर. नुसती डागडुजी वेगळी, पण रिपोर्टात छप्पर काढा किंवा भिंत नवीन बांधा असं आलं तर पंचायतीची परवानगी लागणार, आणि तेव्हा कागद शोधत बसलात तर एक अख्खा सीझन जातो. किनाऱ्याजवळ किंवा खाडीकाठी असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी बांधकामाच्या नियमांची, भानगड आणखी वेगळी.

तपासणीच्या दिवशी काय काय बघून घ्यायचं

इंजिनिअरबरोबर स्वतः फिरा, चहा करायला आत जाऊन बसू नका.

सुरुवात बाहेरून, शक्यतो पाऊस पडत असताना. पावळीचं पाणी कुठे पडतं ते बघा. भिंतीच्या पायथ्याशीच पडून तिथेच साचत असेल तर अर्ध्या ओलीचं कारण तिथेच मिळालं, जोत्याभोवती उतार देऊन गटार काढलं की भागतं आणि हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पुष्कळ घरांत अंगण उंच करून पेव्हर घातल्यामुळे जोतं जमिनीच्या बरोबरीला आलंय, मग भिंत पाणी ओढणारच. डोंगर उतारावरचं घर असेल तर मागची कापलेली माती आणि कंपाउंडची भिंत दोन्ही दाखवा, भिंतीला पाणी जायला भोकं आहेत का, भिंत पोट काढतेय का. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात किती घरांवर झाडं पडली आठवा, म्हणून वाकलेला माड आणि घरावर आलेली फणसाची फांदी हीसुद्धा तपासणीतच धरा.

मग छप्पर. कौलं फुटलेली आहेत का हे कोणालाही दिसतं, खरी गोष्ट लाकडात आहे. वाशाचं भिंतीत शिरणारं टोक, तुळईखालचा भाग, दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ, इथे लाकूड कुजतं कारण तिथे हवा लागत नाही. चांगला माणूस स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, आणि ओलावा मोजायचं मीटर लावतो. लाकडात ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहत असेल तर ते कुजायच्या वाटेवर आहे असं समजा, मग वाळवी असो वा नसो. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर झाडूने काढून टाकू नका, त्या कुठून येतात ते त्याला बघू द्या, जमिनीतून येणाऱ्या वाळवीला वाशावर औषध फवारून काही होत नाही, जोत्याला भोकं पाडून जमिनीत औषध घालावं लागतं. सगळं लाकूड बदलायची गरज फार क्वचित असते. माट, किंदळ, फणस अशी जुनी लाकडं टोकाला कुजली तरी मधे टणक असतात, टोक कापून नवा तुकडा जोडता येतो, हे रिपोर्टात वाशागणिक लिहून मागा.

भिंतीच्या भेगा. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि एका टोकाला रुंद होणारी भेग पाया खचल्याची असू शकते, तिला गांभीर्याने घ्या. स्लॅबच्या लगेच खाली आडवी जाणारी भेग बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब सरकल्याची. कॉलम आणि भिंत यांच्या मधली उभी भेग ही दोन वेगळ्या मालांची सांध, दिसायला वाईट पण धोका कमी. म्हणजे लांबी बघून घाबरू नका, दिशा बघा. शंका असेल तिथे इंजिनिअर भेगेवर काचेची छोटी पट्टी चिकटवतो, ती तडकली तर भेग अजून हलतेय.

स्लॅबमध्ये तपकिरी डाग, पोपडा, किंवा सळीच्या रेषेत सरळ जाणारी भेग दिसली तर टेस्ट लागतात, नुसत्या नजरेवर सोडू नका. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजायची टेस्ट) सगळे करतात कारण तो स्वस्त आणि पटकन होतो, पण तो फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो, आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनमुळे (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून) उलट कडक होतो, त्यामुळे आकडा फसवा चांगला येऊ शकतो. म्हणून बरोबर अल्ट्रासॉनिक टेस्ट मागा, तिच्यात काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात. त्यात वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं धरतात, जितका खाली येईल तितकी शंका जास्त. फेनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन शिंपडून कार्बोनेशन बघतात, ताज्या फोडलेल्या जागी गुलाबी रंग आला तर तिथली सळी कार्बोनेशनपासून तरी अजून सुरक्षित, रंगच आला नाही तर संरक्षण गेलं. किनारी भागात हाफ सेल टेस्ट (सळीचा विद्युत दाब मोजून गंज ओळखायची) आणि क्लोराइडची, म्हणजे मिठाची, तपासणी मी अत्यावश्यक मानतो. हाफ सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की सळी गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. मीठ आत असताना वरून नुसतं प्लास्टर मारलं तर ते प्लास्टर परत सुटणार, हे कंत्राटदार तुम्हाला सांगणार नाही.

बाथरूमखाली ओल असेल तर ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा आणि खाली बघा. साधी टेस्ट आहे, आदल्या दिवशीच चालू करून ठेवली तर इंजिनिअर आल्यावर निकाल समोर.

विजेवाल्याकडून वायरिंगचं इन्सुलेशन मेगरने मोजून घ्या आणि अर्थिंग मोजून घ्या. खाऱ्या हवेत अर्थिंगची जोडणी गंजून तुटते आणि वरून काहीच कळत नाही. एमसीबी बसवलाय म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. ओल्या भिंतीतली जुनी वायरिंग आणि वर गणपतीची रोषणाई, एवढं एक कारण पुरे आहे हे काम चवथीच्या आधी करायला.

परसात विहीर असेल तर सेप्टिक टाकीचा सोकपिट (शोषखड्डा) तिच्यापासून किती लांब आहे ते टेपने मोजा, निदान १८ मीटर पाहिजे. शेजाऱ्याचा सोकपिटही मोजा.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडंच सांगतो. तुमचा फ्लॅट एकटा तपासून अर्धं चित्र मिळतं, गच्ची, पाण्याची टाकी, स्टिल्टचे (खालच्या मोकळ्या पार्किंगचे) कॉलम सोसायटीने मिळून दाखवायला पाहिजेत. आणि इमारत नवीन असेल तर ताबा मिळाल्याची तारीख शोधा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत बिनखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून चौथ्या पावसाळ्यात तपासणी करा, रिपोर्ट जोडून बिल्डरला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात जागे झालात तर धावपळ होते.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टात प्रत्येक दोषाला फोटो, जागा, कारण आणि उपाय पाहिजे, आणि कामाची तीन गटांत वाटणी पाहिजे: आत्ता लगेच, या सीझनमध्ये, आणि नुसतं लक्ष ठेवायचं. कारण लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट परत पाठवा. "भिंतीला ओल आहे, वॉटरप्रूफिंग करावे" हे वाक्य लिहायला इंजिनिअर लागत नाही. शेवटी सही, रजिस्ट्रेशन नंबर आणि तारीख. सगळ्या हिस्सेदारांसमोर तो वाचा आणि खर्चात कोणाचा किती वाटा ते त्याच कागदावर लिहून सह्या घ्या, मंडळी परत गेली की हे फोनवर होत नाही.

मग रिपोर्टातली मापं काढून तीन कंत्राटदारांकडून त्याच मापांवर दर घ्या. मापं सारखी असली तरच दरांची तुलना करता येते, नाहीतर एक जण भिंत धरतो, दुसरा रंग धरत नाही. काम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करायला सांगा पण ओली भिंत वाळायला वेळ द्या, प्लास्टर काढल्यावर चिरा काही आठवडे उघडा ठेवलेला बरा, आणि जुन्या मातीच्या सांधेच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करणारा गवंडी शोधा, असे गवंडी अजून आहेत. इंजिनिअरला कामाच्या मधे दोन वेळा बोलवायचं आधीच फीमध्ये ठरवा, एकदा सगळं उघडल्यावर आणि एकदा बंद करायच्या आधी.

करारात दहा टक्के रक्कम राखून ठेवायचं कलम घाला. ती रक्कम पुढच्या जुलैत, दोन-चार चांगल्या झडी होऊन गेल्यावर, त्याच इंजिनिअरने तोच रिपोर्ट हातात धरून फेरी मारली आणि सही केली की मगच द्यायची. कंत्राटदार आधी कुरकुर करेल, पण जो या अटीवर काम घेतो त्यालाच काम द्या. रिपोर्ट, टेस्टचे आकडे, बिलं आणि फोटो एका फाइलमध्ये घालून एक प्रत घरात आणि एक प्रत प्रत्येक हिस्सेदाराकडे पाठवा, पुढच्या वेळी तपासणारा कोणीही असला तरी त्याला हेच आकडे समोर ठेवून मोजता येईल.